कोतवालाचा हिरवा कान

१

कोतवाल सापडला, पण अर्धाच सापडला, असं शिवराज सकाळपासून छाती पिटून अख्ख्या हिवरखडीला ऐकवत होता.

कोतवाल म्हणजे कुत्रा. काळभैरवाचं वाहन म्हणून त्याला हे भारदस्त नाव. उंच पायांचा, रुंद छातीचा, मेंढरं राखणारा. भूमपासून परंड्यापर्यंतची माणसं आपल्या कुत्र्या त्याच्याकडं लावायला आणायची. त्याच्या पिल्लांसाठी शिवराजच्या मोबाइलवर लोकांची रांग असायची. बाजाराच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला हा कोतवाल खुंटावरून गायब झाला. बाजार उलटून गेला, आणि आज उजाडताना शिवराजच्याच मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणापाशी बांधलेला दिसला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. फक्त मागच्या पायांच्या मध्ये नीटनेटके टाके. कुणीतरी त्याला खच्ची करून आणून बांधला होता.

मथुराबाई पोहोचली तेव्हा शिवराजनं धोंडीबाची गचांडी धरली होती. मथुराबाई गावची पोलीस पाटील. तव्यावरची भाकरी तशीच टाकून आलेली, त्यामुळं आधीच तापलेली.

"सोड त्याला," ती म्हणाली. "मुडदा पाडायचा असंल तर आधी मला तसं सांग, म्हणजे पंचनाम्याची तयारी करून येते."

"पाटीलबाई, ह्येनंच केलंय! म्हणला व्हता का न्हाय, तुझ्या कुत्र्याचा वंश बुडवीन म्हणून? इचारा त्याला!"

"म्हणलो व्हतो," धोंडीबा गळा चोळत म्हणाला. "आजबी म्हणतो. बुडाला, लई झ्याक झालं."

काय बोलावं ह्या माणसाला! शिवराजमागं त्याचे चुलतभाऊ काठ्या घेऊन उभे, आणि हा शहाणा मोठ्यानं सांगतोय झ्याक झालं म्हणून. पण धोंडीबाचं दुःखही खोटं नव्हतं. त्यानं मेंढरांसाठी कोतवालाचं पिल्लू विकत नेलं होतं. ते मोठं झालं, आणि एका सांजेला लांडगे आले तेव्हा ते भलतीकडंच तोंड करून भुंकत राहिलं. धोंडीबाची बायको अयोध्या काठी घेऊन धावली, ओढ्यात पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून होती.

"उद्या सकाळी पारावर बैठक हाय," शिवराज म्हणाला. "ह्याचा मेंढवाडा गायरानातनं उठला पायजे आन् विहिरीचं पाणी बंद झालं पायजे. बैठकीनं न्हाय उठिवला तर आमी उठिवतो."

अंथरुणावरची बायको घेऊन हा माणूस कुठं जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. मथुराबाईचं डोकं त्यानं जास्त फिरलं. तिच्या हातात आजचा एक दिवस होता.

ती कोतवालापाशी बसली. टाके डॉक्टरच्या हातचे दिसत होते. तिनं त्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि डाव्या कानाच्या आतल्या बाजूला तिला हिरव्या रंगाचा ठिपका दिसला.

"हे काय रे?"

"घासलं असंल कशाला तरी," शिवराज म्हणाला. त्याला कानाशी काही देणंघेणं नव्हतं.

बोराटीच्या कुंपणाला कुठला आलाय हिरवा रंग? मथुराबाईनं मान वर केली. शिवराजचा बाप धुळाप्पा उकिडवा बसून त्याच कानाकडं टक लावून बघत होता. नजरानजर होताच म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

२

"तिन्हीसांजेला लई भुकत व्हता," शिवराज घरी ओट्यावर बसून सांगत होता. "म्या मोबाइलवर बोलत व्हतो. घरच्या माणसावर कुत्रं कशाला भुकंल? परका आला, म्हणून भुकला. एवढी साधी गोष्ट हाय. अक्कल लावा जरा."

"माझ्या अकलेचं मी बघते. तू उठून का नाही पाहिलंस?"

"ते... गिऱ्हाइकाचा फोन व्हता."

म्हणजे लाखमोलाचा कुत्रा परक्यावर भुंकतोय आणि हा बसल्या जागी गप्पा मारतोय. मथुराबाईनं ते मनात ठेवलं.

दाराशी शिवराजची आई बानूबाई घोंगडीचा काठ शिवत बसली होती. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, नखांत लोकरीचे नाहीतर कसले तरी रंग बसलेले. लेक बोलत असताना तिनं एकदाही मान वर केली नव्हती.

"बानूअक्का, तुम्ही कुठं होता त्या दिवशी?"

"बाजारी गेले व्हते भूमला. डोळ्याचं काम व्हतं, डागदराला दावायचं व्हतं."

"काय म्हणला?"

"आता इलाज न्हाय म्हणला. हाय ते तितंच थांबवा, फुडं वाढू दिऊ नका म्हणला." बानूबाईनं दोरा संपवला, दातानं तोडला, नवा घेतला आणि पहिल्याच फटक्यात सुईत ओवला.

"कोतवालावर कुणाचा राग होता का?"

"कुत्र्यावर कोण राग धरतंय, पाटीलबाई? त्येनं काय केलंय?"

"आये, तू गप बस," शिवराज खेकसला. "तुला इचारलंय का कुणी?"

"मीच विचारलंय," मथुराबाई म्हणाली. "आणि आईशी असं बोलायचं असलं तर मी उठल्यावर बोल. माझ्यापुढं नको."

बानूबाई मात्र लेकाच्या खेकसण्याची सवय असल्यासारखी पुन्हा शिवायला लागली.

३

आण्णासाहेब गावातले मोठे जमीनदार. त्यांच्या शेतातल्या बंगल्यावर पाच कुत्र्या आणि एक नर होता, आणि शिवराजशी त्यांचं हाडवैर होतं. मथुराबाईला त्यांनी बसा म्हटलं नाही. ती आपणहून खुर्ची ओढून बसली.

"माझ्यावर संशय?" ते भडकले. "अहो, येत्या आठवड्यात माझ्या पाचही कुत्र्या कोतवालाकडं लावायच्या होत्या! सगळी पिल्लं आधीच बोलून ठेवलीत. तीन तालुक्यांत शब्द दिलाय मी. त्याला खच्ची करून मी माझ्याच पायावर दगड घालून घेऊ?"

"वैऱ्याच्या दारात जाणार होता?"

"नाइलाज म्हणून. लोकांना कोतवालाचंच रक्त पाहिजे. आणि शिवराजची अक्कल बघा, त्यानं कोतवाल त्याच्याच लेकींवर लावला. एकदा नाही, दोनदा. का, तर म्हणे जात शुद्ध राहते! वर मिशा पिळतो, बापजाद्यांची जात म्हणून. कसले बापजादे! बायकोच्या आंदणात सोनारीहून आलेली कुत्री, त्यावर धुळाप्पानं नाव कमावलं. फुकटे साले."

"पिल्लांत खोट निघाली तर लोकांना काय सांगणार होता?"

"खोट? त्या धोंडीबाचं ऐकू नका. कुत्रं राखायची अक्कल नाही त्याला." पण हे बोलताना आण्णासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं नाही, दाराकडं पाहिलं. माणसाला ऐकू आलेलं असतं, ऐकायचं नसतं.

तिथून मथुराबाईनं भूमची एसटी धरली. गावाला जवळ पडणारा जनावरांचा खाजगी डॉक्टर एकच, कृष्णराज. तो दवाखान्याच्या दारातच आडवा उभा राहिला.

"टाके माझे आहेत. लपवायचं काय त्यात? पण पुढचं विचारू नका. तुमच्या त्या शिवराजनं सकाळी फोन करून हात तोडीन म्हणून धमकी दिलीय. या भागातल्या सगळ्या डॉक्टरांना देत सुटलाय."

"एका निरपराध माणसाचं बिऱ्हाड उठतंय उद्या."

"मग त्याला सांगा, चोरी झालेलीच नाही. मालक सोबत नसला तर मी जनावराला सुई टोचत नाही. मालक सोबत होते. आधी सगळं नीट तपासलं, समजावून सांगितलं, मग केलं. नाव त्यांचं त्यांनी सांगावं. मी शब्द दिलाय."

"मालक?"

"मालक," डॉक्टर म्हणाला आणि दार लावून घेतलं.

४

मालक! एसटीच्या खिडकीशी बसून मथुराबाई तो शब्द चघळत राहिली. शिवराज तर नव्हे. त्याचं तर दुकानच बंद पडलं होतं. मग घरचा कर्ता कोण? म्हातारा. कानाकडं बघत बसलेला, नजर चोरणारा धुळाप्पा.

उन्हं कलताना ती गायरानात पोहोचली. धुळाप्पा मेंढरं वळवून घराकडं निघाला होता. कळपाबरोबर चालताना तिची नजर आपोआप मेंढरांच्या कानांवर गेली. माद्यांचे कान कोरे. दोन-तीन दांडग्या नरांचे कान कोरे. पण बाकीच्या नरांच्या डाव्या कानात तोच हिरवा ठिपका.

"आप्पा, हे कशाचं?"

म्हाताऱ्यानं मुंडासं नीट केलं. "खच्ची मेंढ्याची खूण हाय ती. बाजारात घेणाऱ्याची फसगत हू नये म्हणून. आमच्या घरचा रिवाज हाय."

"आणि कोतवालाच्या कानात ती कुणी केली?"

"म्या." म्हातारा थांबला, काठी रोवली. "म्या केलं सगळं. धरून न्यायचं तर मला न्या. धोंडीबाला सोडा."

"बरं. कसं केलंत?"

"कसं म्हंजी? मेंढा बडिवतो तसंच. आडवा पाडला, दोन दांडक्यांत धरला, दिलं ठेचून."

"आणि टाके?"

"कसलं टाकं?"

मथुराबाईला त्याही परिस्थितीत हसू आलं. ठणकत्या जखमेपाशी कोतवालानं म्हाताऱ्याला येऊ दिलं नसणार, टाके त्यानं पाहिलेच नव्हते. सकाळी तिनं कान उलटला तेव्हा लांबून तेवढाच दिसला होता. "आप्पा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर मेंढरांत गेलंय तुमचं. कुणाला पाठीशी घालताय?"

धुळाप्पानं काठी उपसली आणि मेंढरं पुढं हाकली. ती त्याच्या मागोमाग वस्तीवर आली. एव्हाना दिवस बुडाला होता, पण माणूस ओळखू येण्याइतका उजेड होता. बानूबाई भाकरी घेऊन कोतवालाकडं निघाली, आणि कोतवाल दोर ताणून तिच्यावर तुटून पडल्यासारखा भुंकायला लागला. जिनं त्याला लहानाचा मोठा केला, तिच्यावर!

"म्या हाय रे, म्या हाय," बानूबाई म्हणाली. आवाज ऐकताच कोतवाल गप्प झाला आणि शेपूट हलवत भाकरी हुंगू लागला. आधी त्याचं तोंड पाण्याच्या घमेल्यावर आपटलं, मग भाकरीवर गेलं.

मथुराबाई जागच्या जागी उभी राहिली. सगळं कळलं, आणि कळल्याचा आनंद काही झाला नाही.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "उद्या पारावर तुम्ही सांगता, का मी सांगू?"

बानूबाईच्या हातातली भाकरी खाली पडली.

५

सकाळी पार भरला. धोंडीबा एका कडेला एकटाच उभा होता, त्याच्या जवळ उभं राहायची कुणाची छाती नव्हती. शिवराजचे भाऊ काठ्या टेकून बसले होते. आण्णासाहेब लांबून मजा बघायला आले होते.

"शिवराज," मथुराबाई म्हणाली, "तू म्हणालास, कुत्रा भुंकला म्हणजे परका आला. खरं का?"

"खरं."

"साफ खोटं. तुझा कोतवाल अंधार पडायला लागला की तुझ्या आईवरसुद्धा भुंकतो. आवाज ऐकला की गप्प होतो. कारण त्याला दिसत नाही. दिवसा वाघ, आणि दिवेलागण झाली की रातांधळा. हे तुला ठाऊक होतं, म्हणून त्या सांजेला तू उठला नाहीस. नेहमीचंच भुंकणं, असं समजून फोनवर बोलत बसलास. आणि कुत्रा सापडल्यावर तेच भुंकणं धोंडीबाच्या गळ्यात बांधलंस."

पारावर कुजबूज सुरू झाली. धोंडीबाचा चेहरा पांढराफटक पडला. आपलं कुत्रं भलतीकडं का भुंकत होतं ते त्याला आत्ता समजत होतं.

"आता कान. ज्याला सूड घ्यायचाय तो खच्ची करून पळून जाईल. कानात खूण कशाला करील? खूण तो करतो, ज्याला पुढं कुणी फसू नये असं वाटतं. धुळाप्पाच्या घरचा तो रिवाज आहे. आणि त्या घरात मेंढरांचे कान रंगवायचं काम कुणाकडं असतं, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. टाके पडले, आणि जन्माच्या सवयीनं हात रंगाच्या डब्यात गेला."

शिवराजनं आईकडं पाहिलं.

"डॉक्टर म्हणतो, मालक सोबत होते. मी मूर्ख, मी मालक म्हणजे बाप्या शोधत बसले. ही जात आली कुठनं? सोनारीहून, बानूअक्कांच्या आंदणात. माहेरचं आंदण बाईचं असतं, नवऱ्याचं नाही, लेकाचं तर नाहीच. कोतवालाच्या मालकीणबाई ह्या बसल्यात. डोळे दाखवायला गेले होते म्हणाल्या, ते खोटं नव्हतं. फक्त डोळे त्यांचे नव्हते."

बानूबाई उठली. पदर सावरला.

"सांजेला गायरानातल्या खोपीत नेऊन बांधला. पहाटं मेंढराच्या टेंपोत घोंगडं टाकून भूमला नेला. परत आणला तशीच रातभर खोपीत जवळ बसले. माझ्या बापानं मला एक कुत्री दिली व्हती. दागिना न्हाय दिला, कुत्री दिली. म्हणला, बानू, हिचं पिल्लू दिवेलागणीला ठेचाळलं तर त्येला जीव लाव, भाकर घाल, पर त्येचा येल वाढवू नगं. म्या ते पाळलं. मंग कारभार ह्याच्या हातात गेला." तिनं शिवराजकडं बोट केलं. "कोतवाल ठेचाळाय लागला तवाच म्या सांगितलं. पाया पडले. हा म्हणला, दिवसा दावायचं, दिवसा इकायचं, रातच्याला कोण बघतंय. वर बापलेकीचा येल लावला. म्या बघत व्हते, पिल्लामागं पिल्लू घमेल्यावर आपटत व्हतं. आन् आण्णासायबाच्या पाच कुत्र्या येणार म्हणल्यावर मला अन्न ग्वाड लागंना. किती मेंढरं मरत्याल, किती अयोध्या वढ्यात पडत्याल!"

"घर बुडिवलंस तू!" शिवराज किंचाळला. "सख्खी आय असून दावा साधलास! आता कोण इचारील आपल्याला?"

"नगंच इचारू दे," बानूबाई म्हणाली. "माझ्या माहेरचं एवढंच उरलं व्हतं. ते म्या माझ्या हातानं बंद केलं. तुला काय वाटतं, मला सुख झालं?"

शिवराज काठी फेकून निघून गेला. जाताना आईच्या अंगावरून गेला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. आण्णासाहेब आधीच सटकले होते. तीन तालुक्यांत दिलेला शब्द आता कसा फिरवायचा, ह्याची त्यांना घाई झाली असणार. धोंडीबाच्या मेंढवाड्याचं नाव मग कुणी काढलं नाही.

मथुराबाईला मात्र गप्प बसवेना. "अक्का, चांगलं केलंत. पण धोंडीबाची गचांडी धरली तेव्हा का नाही बोललात? बिऱ्हाड उठायची वेळ आली होती त्याचं."

बानूबाईनं मान खाली घातली. "भ्याले. लेकाला भ्याले. वाटलं, कुत्रं रातांधळं हाय ह्ये त्योच सांगंल. आईच्या आधी लेक खरं बोलंल."

धोंडीबानं हे ऐकलं आणि तो तिथंच थुंकला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मथुराबाई वस्तीवर होती. शिवराज रागाच्या भरात आईला काही करील, ह्या धास्तीनं आलेली. शिवराज घरातच नव्हता. आला तो धोंडीबा, हातात दोर, दोराला कोतवालाचा लेक. अंगानं अगदी बापासारखा, पाय मात्र चाचपत टाकत होता.

"घ्या," त्यानं दोर बानूबाईच्या अंगावर टाकला. "तुमचं आंदण तुमाला."

कोतवाल भुंकायला लागला, तोही भुंकायला लागला. बाप आणि लेक एकमेकांपासून चार हातांवर उभे राहून भलतीकडं तोंडं करून भुंकत होते.

"ह्यालाबी नेते डागदराकडं," बानूबाई म्हणाली. "भाकरीला कमी पडू देणार न्हाय. पाणी घे वाईच."

"तुमच्या घरचं पाणी नगं मला."

"अयोध्या कशी हाय?"

धोंडीबा जायला वळला होता, तो थांबला. "कशी असायची? कूस बदलाया दोघं लागत्यात. या की बघायला. तोंड असंल तर या."

बानूबाईनं दोर खुंटाला बांधला. कुत्र्याच्या कानात तोंड घालून म्या हाय रे, म्हणाली. मग धुळाप्पाला भाकरी झाकून ठेवल्याचं सांगितलं आणि दाराआडच्या चपला पायात घातल्या.